बॉयलर पेटल्यावर या : व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकांना खुले पत्र

प्रति,
सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील व्यवस्थापन महाविद्यालयांचे प्राध्यापक व प्रकल्प मार्गदर्शक

स. न. वि. वि.

सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी एकतीस वर्षं नोकरी केली. आधी टाइम ऑफिसात, नंतर निवृत्त होईपर्यंत कामगार कल्याण अधिकारी म्हणून. तुमचे विद्यार्थी 'संस्थेतील मानवी वर्तन' या विषयावर प्रकल्प करायला आले की गेटवरचा वॉचमन त्यांना थेट माझ्या केबिनमध्ये आणून सोडायचा. तिथल्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा त्यांच्या अहवालांनी भरलेला होता. मरून रेक्झिनचं बाइंडिंग, त्यावर सोनेरी अक्षरं, आत पहिल्या पानावर माझ्याच सहीचं प्रमाणपत्र : 'सदर विद्यार्थ्याने प्रकल्प समाधानकारकरीत्या पूर्ण केला आहे.' त्यातल्या बहुतेक सह्या मी मन घट्ट करून केल्या. हे पत्र त्यासाठी आहे.

पहिली गोष्ट सरळ सांगतो. तुमचे विद्यार्थी जून-जुलैत येतात. परीक्षा झालेली असते, पुढचं सत्र सुरू व्हायचं असतं, म्हणून तुमच्या वेळापत्रकात तेवढे सहा-आठ आठवडे मोकळे. पण कारखाना पेटतो दसरा-दिवाळीच्या पुढे आणि मार्च-एप्रिलला पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं. जूनमध्ये मिलचे रोलर बाहेर काढून ठेवलेले असतात, बॉयलर थंड असतो, गव्हाण (ऊस टाकायची जागा) रिकामी असते. हंगामी कामगार रिटेन्शनवर (बंद काळातल्या भत्त्यावर) घरी असतो, म्हणजे स्वतःच्या रानात. कायम कामगारांपैकीही निम्मे रजा संपवत असतात. अशा वेळी तुमचा विद्यार्थी येतो आणि विषय काय आणतो? 'साखर कारखान्यातील कामगारांची प्रेरणा.' ज्या माणसांची प्रेरणा मोजायची, ती माणसं तिथं नसतात. हे मी दोन-तीन मार्गदर्शकांना फोनवर सांगितलं होतं. 'विद्यापीठाचं वेळापत्रक आहे, साहेब, आमच्या हातात नाही,' असं उत्तर आलं. मला ते खरंही वाटलं. म्हणून आता एकेकाला न सांगता सगळ्यांना मिळून सांगतोय.

दुसरी गोष्ट प्रश्नावलीची. पन्नास प्रती, इंग्रजीत, प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकटी. पोरगं बिचारं वर्कशॉपच्या दारात उभं राहायचं आणि आमचा क्लार्क त्या वाटून द्यायचा. एकदा एका फिटरनं मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, कुठल्या चौकटीत खूण केली म्हणजे पोरीला मार्क पडतील?" ती मुलगी त्याच्या शेजारच्या गावची होती. मी काही बोललो नाही. त्यानं सगळीकडं 'पूर्ण सहमत' केलं, शेजारच्या दोघांनाही तसंच करायला सांगितलं, आणि तिला चहा पाजून एसटी स्टँडपर्यंत सोडायची सोय केली. तिच्या अहवालाचा निष्कर्ष होता की बहुसंख्य कामगार व्यवस्थापनावर समाधानी आहेत. त्याच हंगामात थकीत पगारावरून सगळ्यांनी काळ्या फिती लावून काम केलं.

मला आजही वाटतं, त्या दिवशी वर्कशॉपच्या दारात मानवी वर्तनाचा उत्तम नमुना घडला होता. एक माणूस पाहुण्या पोरीच्या भल्यासाठी स्वतःचं खरं मत गिळतो, आणि त्याच्या शब्दावर दुसरे दोघं गिळतात. त्याचा शब्द का चालला? तो ना मुकादम, ना युनियनचा पदाधिकारी. हा प्रश्न कुठल्याही प्रबंधाला पुरला असता. पण तो तिच्या चौकटींत नव्हता.

तुमच्या विषयाची पुस्तकं मी वाचली आहेत. परीक्षेसाठी वाचली, आणि पुढं नोकरीत अडलो तेव्हा पुन्हा वाचली. त्या सगळ्यांत शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग असतात. १९२४ ते १९३२ पर्यंत ते चालले. वर्गात आपण काय सांगतो? दिवे वाढवले तरी उत्पादन वाढलं, कमी केले तरी वाढलं, म्हणजे लक्ष दिलं की माणूस काम करतो. संपलं. पण त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग वेगळाच आहे आणि तो आपण दोन ओळींत उरकतो.

१९२८ ते १९३० या काळात तिथं वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या. सुरुवातीला त्यांच्याकडंही ठरलेले प्रश्न होते : कामाबद्दल काय वाटतं, साहेबाबद्दल काय वाटतं. पण माणसं प्रश्न सोडून भलतंच बोलत. मुलाखत घेणाऱ्यांच्या लक्षात आलं की ते 'भलतं' हेच खरं आहे. मग त्यांनी ठरलेले प्रश्न बाजूला ठेवले आणि ऐकायला बसले. अर्ध्या तासाची मुलाखत तासाच्या पुढं जाऊ लागली. म्हणजे ज्या अभ्यासावर तुमचा विषय उभा आहे, त्या अभ्यासानं सुमारे शंभर वर्षांपूर्वी प्रश्नावली खाली ठेवली. आपण ती अजून उचलून धरतो आहोत.

आणि त्याहून पुढचं. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात त्यांनी चौदा पुरुष कामगारांना एका वेगळ्या खोलीत कामाला बसवलं आणि एक निरीक्षक कोपऱ्यात बसवला. तो काही करत नव्हता, फक्त बघत होता. त्याला दिसलं की गटानं दिवसाचं काम आपसात ठरवून घेतलं आहे. सगळ्यांच्या कामावर सगळ्यांची कमाई वाढत असतानाही कोणी जास्त काम केलं तर त्याला टोमणे, नाही ऐकलं तर दंडावर गुद्दा. कोणी फारच कमी केलं तरी तेच. आणि कोणाची चुगली साहेबाकडं केली तर तो माणूस संपला. जास्त काम दिसलं तर उद्या दर कापतील किंवा माणसं कमी करतील, ही भीती त्यामागं होती. मंदीचे दिवस होते ते. हे कुठल्या चौकटीत खूण करून कळलं असतं? सहा महिने एक माणूस कोपऱ्यात बसला म्हणून कळलं.

त्याच प्रयोगांत टेलिफोनचे रिले (विद्युत स्विच) जोडणाऱ्या पाच मुलींची खोली प्रसिद्ध आहे. विश्रांती दिली, नाश्ता दिला, उत्पादन चढत गेलं. मात्र मधेच दोन मुली फार बोलतात, ऐकत नाहीत म्हणून बदलल्या होत्या, आणि त्यांच्या जागी आलेल्यांनी जोर लावला होता, हे वर्गात सांगत चला. लहान गटाच्या कामावर पगार ठरायला लागला होता, हेही सांगत चला. विद्यार्थ्याला हे कळलं तर तो आपल्या कारखान्यातही विचारील, कोणाला कोणत्या खात्यातून काढून कुठं टाकलं आणि का.

आता माझ्या कपाटातल्या एका अहवालाबद्दल लिहितो. त्याला रेक्झिन नव्हतं, साधी स्पायरल होती.

एक मुलगा डिसेंबरात आला. त्याचा पहिला प्रकल्प आजारपणामुळं राहिला होता, म्हणून ही अवेळ. त्याच्या वडिलांचा ऊस आमच्याकडंच यायचा, त्यामुळं कारखाना त्याला परका नव्हता. मी त्याला म्हटलं, "प्रश्नावली राहू दे. बारा ते आठच्या पाळीला ये." तो एकूण अकरा रात्री आला. मिल हाऊसजवळ एका पालथ्या डब्यावर बसायचा, मफलर गुंडाळून. पहिल्या तीन रात्री कोणी त्याच्याशी बोललं नाही. चौथ्या रात्री एका ऑईलमननं त्याला चहाच्या किटलीबरोबर हाक मारली.

त्या हंगामात आमची मिल वरचेवर बंद पडत होती. बंदच्या रजिस्टरला कारणं लिहिलेली असतात : ऊस नाही, यांत्रिक, विद्युत. आमची बहुतेक 'यांत्रिक' होती, आणि त्यातली बरीच पाळी बदलल्यावर पहिल्या तासा-दीड तासात. मी ते रजिस्टर दर आठवड्याला पाहत होतो. मला ते दिसलं नव्हतं. त्या पोराला दिसलं.

बेअरिंग तापलं की जुना ऑईलमन हात ठेवून ओळखतो. मीटरच्या आधी त्याच्या तळव्याला कळतं. पण कळलं तरी तो सांगत नव्हता. पाळी संपायला तास राहिला असेल तर तेल घालून, पाणी मारून कसं तरी आठपर्यंत नेत, आणि पुढच्या पाळीच्या गळ्यात टाकत. का? कारण मागच्या वर्षी एकानं सांगितलं होतं. मिल थांबवून बेअरिंग बघितलं, खरंच गेलं होतं. तीन दिवसांनी त्या माणसाला मेमो गेला : 'आपल्या निदर्शनास ही बाब आधी का आली नाही, याचा खुलासा करावा.' ज्यानं सांगितलं त्यालाच खुलासा. जे गप्प बसले त्यांना काही नाही. त्या एका कागदानं तिन्ही पाळ्यांना शिकवलं की तापलेल्या बेअरिंगवरचा हात मुकाट्यानं काढून घ्यायचा.

त्या मेमोचा मजकूर माझा होता. खाली सही दुसऱ्याची, पण वाक्य मी लिहिलं होतं. नेहमीचं वाक्य, अनेकदा लिहिलेलं. त्या मुलानं अहवालात कोणाचं नाव घातलं नव्हतं, तरी ते पान वाचताना माझा चेहरा उतरला होता.

तुम्हाला हार्वर्डच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांचं काम माहीत आहे. त्यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजल्या तेव्हा चांगल्या गटांत चुका जास्त दिसल्या. त्यांना वाटलं होतं उलटं दिसेल. मग ज्याला हे आकडे माहीत नव्हते असा एक सहाय्यक त्या वॉर्डांत जाऊन राहिला, लोकांशी बोलला, आणि समजलं की चांगल्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या जास्त सांगितल्या जात होत्या. १९९९ च्या त्यांच्या लेखानंतर 'मानसिक सुरक्षितता' (चूक बोलून दाखवली तरी आपल्याला त्रास होणार नाही, हा भरवसा) हा शब्द जगभर गेला, आणि आज तो तुमच्या प्रश्नपत्रिकेत पाच गुणांना येतो. आमच्या मिल हाऊसमधला तो मुलगा तिथंच पोचला होता, तोही वॉर्डात बसूनच.

आमच्या त्या वेळच्या चीफ इंजिनिअरांनी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं, ही त्यांची मोठी गोष्ट. मिल हाऊसच्या खांबाला एक फळा टांगला. काही तापलं, वाजलं, थरथरलं तर खडूनं लिहायचं. लिहिणाऱ्याला मेमो नाही, हे त्यांनी पाळीपाळीला जाऊन तोंडानं सांगितलं. पहिला आठवडा फळा कोरा होता. मग एकानं लिहिलं, त्याला काही झालं नाही, आणि मग फळा पुसून पुसून पांढरा व्हायला लागला. पुढं ते साहेब दुसऱ्या कारखान्यावर गेले आणि फळाही गेला. पण दोन हंगाम मी तो भरलेला पाहिला आहे.

त्या मुलाला प्रकल्पात काठावरचे गुण मिळाले. नमुना नऊ जणांचा होता, सांख्यिकी चाचणी नव्हती, तक्ते नव्हते, असा शेरा होता. कुठल्या महाविद्यालयाचा ते मी सांगणार नाही, कारण दुसरीकडं वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही.

आपल्या मातीत या विषयाचा अभ्यास करण्यासारखं काय आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको, तरी सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर कुंडल रोड स्टेशनजवळ कारखाना आणि गाव एकदमच वसवलं, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना राखणीच्या कामावर घेतलं. त्याच औंध संस्थानानं स्वातंत्र्यापूर्वी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथं कैदी भिंतीशिवाय राहत, शेती करत, कुटुंब जवळ ठेवत. माणसावर विश्वास टाकला तर तो जबाबदारी घेतो, हे अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञ डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० मध्ये मांडलं आणि आपण त्याला सिद्धांत म्हणून शिकवतो. आटपाडीच्या माळावर ते त्याच्या कितीतरी आधी करून बघितलेलं होतं. साताऱ्यात कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका' मधून हातात खोरं घेऊन शिकलेली पिढी उभी केली. त्या जिल्ह्यांत प्रकल्पाचा विद्यार्थी तीन आठवडे पाळीवर उभा राहू शकत नाही, असं कोणी म्हणू नये.

आणि सहकारी कारखान्यात तर असा एक गुंता आहे की तो परदेशी पुस्तकात सापडायचा नाही. आमच्याकडं पॅन हाऊसमधला (जिथं रस शिजवून साखरेचा दाणा धरतात) हेल्पर हा सभासदाचा मुलगा असतो. त्याच्या वडिलांचं मत आणि चेअरमनचं मत मतपेटीत सारखंच, एकेकच. म्हणजे जो साहेबाच्या हाताखाली आहे, त्याच्या घरासमोर साहेबाचे साहेब पाच वर्षांनी हात जोडून उभे राहणार. शिफ्ट इंजिनिअर बाहेरगावचा, डिग्रीवाला, त्याला मत नाही. तो रागावतो कोणावर आणि कोणावर नाही? कोणत्या गटाचा माणूस उशिरा आला तर हजेरीवर लाल शाई पडते? आणि तरीही, हे सगळं असूनही, कारखाना रात्रंदिवस चालतो, दाणा बरोबर धरला जातो, पोती भरतात. हे कसं चालतं? अधिकार कोणाच्या खुर्चीत असतो आणि कोणाच्या शब्दात, याचा असा अभ्यास दुसरीकडं कुठं करायला मिळेल? मी एकतीस वर्षं त्यात होतो आणि मला ते पूर्ण उलगडलेलं नाही. म्हणूनच तुमच्याकडून मागतोय.

गेटबाहेर तर त्याहून मोठा विषय आहे. ऊसतोड मजुरांचा तळ. कोप्या, बैलगाड्या, थंडीत चुलीचा धूर. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडी, जिला आपण 'एक कोयता' म्हणून मोजतो, नवरा आणि बायको मिळून एक. कारखाना त्यांच्या हातावर चालतो आणि संस्थेच्या तक्त्यात त्यांना चौकोन नाही. तुमच्या वर्गातल्या मुलींना रात्रपाळीत पाठवणं अवघड आहे, मला माहीत आहे. पण तळावरच्या बाया मुलींशी जे बोलतील ते मुलांशी कधी बोलणार नाहीत. पहाटे तीनला उठून रानात जाणारी बाई मुकादमाबद्दल, चिटबॉयबद्दल (तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाबद्दल) काय सांगते, ते एका मुलीनं तिच्या शब्दांत लिहून आणलं तर मी तो अहवाल डोक्याला लावीन.

'तिच्या शब्दांत' हे मुद्दाम लिहिलं. अहवाल मराठीत लिहू द्या, निदान माणसांचं बोलणं तरी मराठीत राहू द्या. आमचा ऑईलमन म्हणाला होता, "हात सांगतो, पण तोंड गप बसवलंय." त्या मुलाला त्याचं इंग्रजी करून 'संवादातील अडथळे' असं लिहावं लागलं. त्यात हातही गेला आणि तोंडही.

आणखी एक, सगळ्यात महत्त्वाचं. जे सापडेल ते आधी कामगारांना परत सांगा. १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये ब्रिटिश संशोधक ए. के. राइस यांनी स्वयंचलित मागांच्या विभागात काम केलं. तिथं कामाचे तुकडे करून प्रत्येकाला एक तुकडा दिला होता आणि कापड बिघडत होतं. एका ठरावीक मागाच्या गटाला एक कामगारांचा गट, अशी कल्पना त्यांनी मांडली. ती कामगारांपर्यंत गेली तेव्हा त्यांनी ती स्वतःची करून घेतली आणि आपले गट आपणच बांधले. उत्पादन सुधारलं, खराब कापड कमी झालं. त्याच शहरात, १९४७ मध्ये स्थापन झालेल्या 'अटिरा' या संशोधन संस्थेत कमला चौधरी गिरण्यांतल्या माणसांचा अभ्यास करत होत्या. पुढं त्या अहमदाबादच्या आयआयएममध्ये पहिल्या अध्यापकांपैकी एक झाल्या. म्हणजे आपल्या देशातलं व्यवस्थापनाचं शिक्षण मागाच्या खडखडाटातून वर्गात आलं आहे. आमच्याकडं मात्र एकाही अहवालाची प्रत कधी वर्कशॉपमध्ये गेली नाही. ज्यांनी खुणा केल्या त्यांना त्याचं काय झालं हे कळलंच नाही. दुसऱ्या वर्षी दुसरं पोरगं पन्नास प्रती घेऊन येतं, तेव्हा त्यांनी मनापासून का सांगावं?

त्यासोबत एक काळजीही घ्या. जो बोलेल त्याला त्रास होता कामा नये. नाव नको, खातं नको, 'एका पाळीतला एक कामगार' एवढं पुरे. आणि कार्यकारी संचालकांकडून आधीच लिहून घ्या की अभ्यासात सांगितलेल्या गोष्टीवरून कोणाला मेमो जाणार नाही. लिहून देत नसतील तर त्या कारखान्यात विद्यार्थी पाठवू नका. माझ्यासारखा कोणी तरी टेबलामागं बसलेला असतोच, नेहमीचं वाक्य तयार असलेला.

वेळापत्रकाचं कसं करायचं ते तुम्ही ठरवा. डिसेंबर-जानेवारीत तीन आठवडे निघतील का? सत्राच्या परीक्षेनंतर लगेच? शनिवार-रविवार जोडून? जूनचा प्रकल्प बंद करायचा नसेल तर तो बँकांत, पतसंस्थांत, मार्केट यार्डात होऊ द्या, तिथं जूनमध्येही माणसं असतात. साखर कारखान्याचा मात्र हंगामात करा. आणि मार्गदर्शकांपैकी एकानं तरी एक रात्र विद्यार्थ्यासोबत पाळीला यावं. पीपीटी बघून गुण देण्यापेक्षा तेवढी एक रात्र जास्त उपयोगी पडेल.

मी निवृत्त आहे, वेळ आहे. ज्या कारखान्यांत माझी ओळख आहे तिथं गेटपासून मिल हाऊसपर्यंत विद्यार्थ्याला घेऊन जायला मी येईन, जुन्या माणसांशी गाठ घालून देईन. येताना त्यांना मफलर आणि बंद बूट आणायला सांगा. गव्हाणीजवळ पाचट आणि कुसळं उडतात, आणि पहाटे चारच्या सुमारास कृष्णेकडून वारं येतं. पहिल्या तीन रात्री त्यांच्याशी कोणी बोलणार नाही, हेही आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते चौथ्या रात्रीपर्यंत थांबतील.

आपला,
एक निवृत्त कामगार कल्याण अधिकारी
सांगली